नीलम्माच्या घरातली फुलपाखरं

लातुरात फुलपाखरू म्हणजे चार गुणांचा एक प्रश्न. अंडी, अळी, कोष, योग्य पर्याय निवडा आणि पुढं चला. लुबना मेडिकलच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची, आणि हा धडा आला की तिला स्वतःचाच राग यायचा. बाकं तुडुंब भरलेली, पण जिवंत अळी पाहिलेलं पोर एक नाही. डॉक्टर मात्र सगळ्यांना व्हायचं!

म्हणून रविवारी ती एसटी धरून तरवडीच्या जुन्या गावठाणात जायची. गाव भूकंपात पडलं, माणसं नव्या वसाहतीत गेली, आणि मागं राहिलेल्या दगडांच्या ढिगांत रुई, तरवड, घाणेरी असं काही माजलं की विचारू नका. लुबना, एक औषधदुकानदार आणि बँकेतली एक बाई अशी ही बिनपगारी टोळी. ठरलेल्या वाटेनं सावकाश चालायचं आणि दिसेल त्या फुलपाखराची नोंद करून वनखात्याला पाठवायची, जागा राखायला पुढंमागं उपयोगी पडावी म्हणून. लोक म्हणत, यांना घरी कामं नाहीत. म्हणू देत.

पहिल्याच दिवशी गावातल्या गुणाबाईनं तिला फैलावर घेतलं होतं. लुबना बूट घालून एका ढिगावर चढली होती.

"खाली उतर बाई! नीलम्माचं घर हाय ते. उंबऱ्याच्या आत पायताण घालत्यात व्हय?"

उंबरा कुठंच दिसत नव्हता, तरी लुबनानं मुकाट्यानं बूट काढले. नीलम्मा गुणाबाईची शेजारीण. भूकंपाच्या पहाटे नीलम्माच्या घरातलं एकही माणूस वाचलं नाही. त्या दिवसापासून टोळीनं वाटेच्या टप्प्यांना घरांचीच नावं दिली, नीलम्माचं घर, सिद्धरामचं घर, आणि घर आलं की पायताण बाहेर. काटे मोडले तर मोडले.

मग लुबनाच्याच क्लासचे मालक मल्लिकार्जुन सर यांची नजर या जागेवर पडली. पोरांसाठी निवासी संकुल बांधायचं होतं आणि सरकारदप्तरी ही पड जागा. निम्मं गाव खूश, रस्ता होईल, पोरांना कामं मिळतील. उरलेल्या निम्म्यानं टोळीच्या नोंदी जोडून हरकत घेतली. नायब तहसीलदार पाहणीला येणार असं ठरलं. त्यांना फुलपाखरं दिसली तर जागा वाचणार होती, नाहीतर जेसीबी तयारच होता.

"मॅडम, आमचंच खाता आणि आमच्यावरच उलटता?" सरांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं.

"क्लास तुमचा आहे सर. रविवार माझा आहे."

पाहणीच्या सकाळी ती गावठाणात पोचली आणि जागच्या जागी थिजली. रुई उपटलेली, तरवड तोडून पेटवलेला, मोकळ्या मातीवर चुन्याच्या सरळ रेघा. रोवलेल्या काठीकाठीला झेंडूच्या माळा.

हरकतीवर पहिली सही करणारा श्रीमंत नावाचा गावकरी हसत पुढं आला. "बघा मॅडम! सायब येणार म्हून समदं चकाचक केलं. गाव राबतंय कालपासून."

पाहुणा येणार म्हटलं की आधी अंगण झाडायचं, ही इथली रीत. घात केला तोही आदरानं! रागवावं तरी कुणावर? लुबनाला तिथंच बसून रडावंसं वाटलं.

"काका, त्या झाडांवर तर अळ्या वाढतात हो. झाडच नसेल तर फुलपाखरू कुठून येणार?"

श्रीमंतचा चेहरा पडला. "म्या म्हणलं, फुलपाखरं फुलावर येत्यात. म्हून तर औशाहून झेंडू आणला."

एवढ्यात नायब तहसीलदार साहेबांची जीप आली, तिच्यामागं सरांची गाडी. सरांनी चारी बाजूंना पाहिलं आणि मनापासून हसले. "फुलपाखरं कुठायत मॅडम? सुट्टीवर गेली का?"

लुबना श्रीमंतकडं वळली. "सगळंच तोडलं का काका? एकही झाड ठेवलं नाही?"

"समदं कसं तोडावं? ज्यानं त्यानं आपलं घर झाडलं. दुसऱ्याच्या उंबऱ्यात कोयता कसा लावायचा? ज्यांच्या मागं कुणी उरलं न्हाई, ती घरं हायेत तशीच. पाराच्या मागं."

लुबना पळतच सुटली. पाराच्या मागं पुरुषभर उंच रुई उभी होती आणि तिच्यावर बिबळ्या कडवा जातीची फुलपाखरं, तांबूस पंखांची, पसाभर फेकावीत तशी. तरवडावर पिवळी. गावानं हुसकावलेली सगळी इथंच आली असावीत. तिनं हात हलवून सगळ्यांना तिकडं बोलावलं.

साहेब बघत राहिले. सर मात्र हसायचे थांबले होते.

"म्हणजे ही घरं बेवारस," ते म्हणाले. "मग अडचण कसली?"

साहेबांनी घाम पुसला. "कुणी वारस आहे का यांना?"

मग गर्दीतून वाट काढत गुणाबाई पुढं आली. "वारस न्हाई म्हून घर न्हाई का सायब? गाव पडल्यापासून हितं आमी कोयता लावला न्हाई. लावणार न्हाई, आन् कुणाला लावू बी देणार न्हाई."

"बास झालं," असं म्हणत सरांनी ढिगावर पाय टाकला. लुबना आडवी आली.

"सर, बूट काढा."

"काय?"

"नीलम्माचं घर आहे हे. आत यायचं तर बूट बाहेर."

"उद्यापासून क्लासला येऊ नका."

अब्बांना काय सांगायचं, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण ती तसूभर हलली नाही. "नाही येत. बूट काढा."

तिच्या मागं औषधदुकानदार आणि बँकेतल्या बाई अनवाणी उभे होते. श्रीमंतनं वहाणा काढल्या. मग ज्यांना रस्ता हवा होता त्यांतल्याही दोघांनी काढल्या. साहेबांनी त्या सगळ्या पायांकडं पाहिलं, खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडली. दोन पावलांत त्यांना काटा मोडला. तो उपटत ते म्हणाले, "हिला पड जागा म्हणून मी लिहिणार नाही. इथं घरं आहेत."

सर बूट घालून रस्त्यावरच उभे राहिले.

लुबनानं ओढणी खोचली आणि नोंदीची वाट सुरू केली.

"सिद्धरामचं घर!" ती ओरडली, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी.