पुढचं पडद्यावर

"...आणि तुरुंगाचा मोठा दरवाजा उघडतो," एवढं बोलून रामदास थांबला.

दादामियाँच्या हातातली सुपारी हातातच राहिली. पडद्याआड स्वयंपाकघरात बिलकिसभाभी कांदा चिरत होत्या, त्यांची सुरीही थांबली.

"मग? सुटतो का तो?" दादामियाँनी विचारलं.

"पुढचं पडद्यावर," रामदास म्हणाला.

भवानी पेठेत प्लायवुडचं दुकान असलेले दादामियाँ म्हणजे सिनेमासाठी रामदासने गाठलेले पहिले पैसेवाले. स्वतः रामदास पाटबंधारे खात्यात कारकून. वाढला येरवड्यात. त्याची आई सुंदराबाई तुरुंगासमोर भाकरी-पिठलं विकायची. कैद्यांना भेटायला लांबून आलेली माणसं तिच्याकडे जेवायची. तिच्यावरूनच त्याने सिनेमा रचला होता. नवरा आत, आणि बायको दरवाजासमोर भाकऱ्या थापत त्याच्या सुटकेची वाट बघतेय. गोष्ट एवढीच. पण रामदास सांगायला लागला की तव्याचा चटका ऐकणाऱ्याच्या बोटाला बसायचा.

शेवट मात्र तो कुणाला सांगत नसे. हा कानमंत्र त्याला त्याच्या मित्राने, अनंतने दिला होता. अनंतने सिनेमाच्या युनिटांत पडेल ती कामं केली होती, त्यामुळे त्याचा शब्द रामदासला प्रमाण. "शेवट कळला की माणूस पाकीट परत खिशात घालतो," असं तो म्हणायचा. शेवट न कळलेल्या माणसांनी तरी पाकीट कुठे बाहेर काढलं, हे विचारायचं रामदासला कधी सुचलं नाही.

"गाणी किती?" दादामियाँनी विचारलं.

"एकही नाही."

"अहो, मग पब्लिक चहाला उठणार कधी?" दादामियाँ मनापासून हसले. "गोष्ट एक नंबर आहे, रामदासराव. पण पैसा सगळा मालात अडकलाय." जेवल्याशिवाय मात्र त्यांनी त्याला सोडलं नाही.

पुण्यात तेव्हा पैसा नुकता वाहायला लागला होता, आणि वाहत्या पाण्याच्या खात्यातच असल्याने रामदासला वाटायचं, आपलाही एखादा पाट फुटेल. हिंजवडीला जमीन विकून बंगला बांधलेल्या सोनबांकडे तो सुट्टी टाकून गेला.

"आमच्या नातवाला हिरो करा, मंग बघू," सोनबा म्हणाले.

"पण आमचा हिरो पन्नाशीचा आहे."

"मंग थांबा की. हुईल त्यो पन्नाशीचा!"

पुढे त्याच गावात काचेच्या इमारती झाल्या. त्यातल्या एका इमारतीत रोहन नावाच्या तरुण मालकाने गोष्ट ऐकली आणि चक्क डोळे पुसले.

"काका, सुपर्ब! पण रिटर्न्स कुठून येणार?"

"तिकिटांतून," रामदास म्हणाला. रोहन हसला, पण प्रेमाने. कंपनीच्या गाडीने त्याने रामदासला थेट घरी सोडलं.

पैसे सोडून सगळं देणारी अशी माणसं रामदासला आयुष्यभर भेटत राहिली. दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचं, गोष्ट सांगायची, दरवाजा उघडला की थांबायचं. घरी त्याची बायको हिरा शर्ट घडी घालताना म्हणायची, "मला तरी शेवट सांगा."

"तू पैसे घालणार आहेस का?"

"संसार घातलाय की!"

तो हसण्यावारी न्यायचा. पहिल्या खेळाला तिला मधोमध बसवायचं आणि तिचा चेहरा बघायचा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढे तो निवृत्त झाला, अनंत मालिकांच्या कामाला मुंबईला गेला, आणि एका तापाचं निमित्त होऊन हिरा गेली. शेवट न ऐकताच गेली. हे दुःख रामदासला इतकं लागलं की त्यानंतर त्याने कुणालाच गोष्ट सांगितली नाही.

दादामियाँ गेल्याचं कळलं तेव्हा तो भवानी पेठेत भेटायला गेला. बिलकिसभाभी आता थकल्या होत्या. नात जिनत चहा घेऊन आली, तशा भाभी तिला म्हणाल्या, "यांना ओळखलंस का? यांचा पिक्चर होता. जेलसमोर भाकरी विकणाऱ्या बाईचा."

"तुम्ही पिक्चर काढलाय?" जिनतने विचारलं.

रामदास नाही म्हणणार, तेवढ्यात भाभीच पुढे बोलू लागल्या. "मी बघितलाय ना! पाऊस येतो, तेव्हा ती छत्री चुलीवर धरते आणि स्वतः भिजते. काय रडले होते मी! फक्त शेवट आठवत नाही. लाइट गेली होती की काय, कुणास ठाऊक. काय होतं हो शेवटी, रामदासभाऊ?"

रामदासने कप खाली ठेवला. मग तो सांगू लागला.

"दरवाजा उघडतो. तो बाहेर येतो. दाढी पांढरी झालीय. ती एका म्हाताऱ्याला वाढतेय. मान वर करून त्याच्याकडे बघते आणि म्हणते, 'बसा जरा. एवढं गिऱ्हाईक होऊ दे.' तो इतरांच्या पंगतीत जाऊन बसतो."

"आणि?" जिनतने विचारलं.

"संपला."

भाभींनी डोळे मिटले.

"हां," त्या म्हणाल्या. "असंच होतं. आता आठवलं."