शॉकअपमधलं जवसाचं तेल

पुढच्या शॉकअपचं सील गेलं होतं. तेल गळून गळून रिमवर धुळीचा काळा थर बसला होता. नत्थूलाल पटेलानं मेलेल्या पोराची ती मोटरसायकल ढकलत सालेकशाला मुन्नालाल मिस्त्रीच्या दुकानात आणली, तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गाडी नीट झाली की दरेकशाला सुनेच्या माहेरी जायचं आणि तिला, नातीला घरी आणायचं. बस्स.

सून म्हणजे ओमेश्वरी. उमेंद्रला मेंदूचा मलेरिया झाला आणि धडधाकट पोरगा बघता बघता हातचा गेला. त्याच्या तेरवीला स्वयंपाकाची घाई, नत्थूलालच्या बायकोनं, तुलसाबाईनं, जवसाच्या तेलाचा डबा उचलला तर तो रिकामा! घरच्या जवसाचं, वर्षभरासाठी घाण्यावरून आणलेलं तेल. त्या माऊलीचं दुःख कोणावर तरी निघायचंच होतं, ते सुनेवर निघालं. "माह्या पोराची राख थंडी नाई झाली, आन् इनं तेल मायेरी पोचवलं!" साऱ्या गोतावळ्यासमोर, हो! ओमेश्वरी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ आला आणि ती तान्ह्या चंदाला घेऊन निघून गेली. त्याला दोन वर्षं झाली.

आता तेलाच्या डब्यापायी घर मोडतं का कुठं? पण मोडलं. नातीशिवाय अंगण खायला उठायचं. शेवटी नत्थूलालनं मनाशी ठरवलं, पोरीकडून झाली असंल चूक, आपण माफ करून टाकू. आपण किती मोठ्या मनाचे, असं त्याचं त्यालाच वाटत होतं, बरं का.

मुन्नालालनं चाक काढलं, दोन्ही शॉकअप उतरवले. एकाचा वरचा नट खोलून तो भांड्यावर उलटा धरला. तेल पडेना. पाइप दाबून पाहिला, तर तो आतच अडकलेला. बरीच ठोकाठोक केल्यावर डिंकासारखा पिवळा चिकट लोळा बाहेर आला.

"ये क्या डाला रे बाबा?" त्यानं बोट नाकाशी नेलं. "पटेलजी, हे शॉकअपचं तेल नाई. हे तं जवसाचं हाय!"

नत्थूलालनं वास घेतला. जन्मभर भाजीत खाल्लेल्या तेलाचा वास, तो काय चुकणार?

"पोरानंच टाकलं असंल," मुन्नालाल म्हणाला. त्याला घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. "पर सील गेल्यावर कितीबी टाका, गळूनच जाते. असं टाकत राहिलं तं डबाभर तेलबी पुरत नाई."

"डबाभर?" नत्थूलालनं विचारलं.

"काऊन, काय झालं?"

"काई नाई. तू सील बसव."

मुन्नालालनं सगळं रॉकेलनं धुतलं, नवी सीलं बसवली, दोन्ही शॉकअपमध्ये सारखं मोजून तेल भरलं. नत्थूलालचं तिकडं लक्षच नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं तुलसाबाईला सांगितलं.  ती स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत रडायला लागली. "मले घेऊन चला," एवढंच म्हणाली.

सकाळी दोघं दरेकशाला पोहोचली. ओमेश्वरीनं पाणी दिलं, पाया पडली. तुलसाबाईनं तिचे हात धरले. "बाई, मी चुकली. तेल तं उमेंद्रनं गाडीत टाकलं होतं."

"मले मालूम होतं," ओमेश्वरी म्हणाली. "गाडी आदळली का चंदा मांडीवर दचकून उठे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मिस्त्रीकडं जाले त्याइले फुरसत नोती. म्हणून घरचंच टाकत."

"मंग सांगितलं काऊन नाई, माय?"

"ज्याच्या नावानं पंगत बसली, त्याचंच नाव चोरीत घेऊ?" ती सासऱ्याकडं वळली. "मामाजी, त्या दिवशी मी तुमच्याकडं पाहिलं होतं. मी तशी नाई, हे तुमाले मालूम होतं. तुमी खाली पाहिलं."

नत्थूलालला खोटं बोलवेना. "मी तुले माफ कराले येणार होतो," तो कसाबसा म्हणाला.

"म्हंजे तेल सापडलं नसतं, तं मी चोर म्हणूनच त्या घरात आली असती."

 नत्थूलाल जायला उठला.

"जेवून जा," ती म्हणाली. "मी आता येत नाई."

तेवढ्यात चंदा अंगणातून धावत आली आणि अनोळखी माणसं पाहून आईच्या पदरामागं लपली. तुलसाबाईनं दोन्ही हात पुढं केले. पोर जाईना.

"आई, हे कोण?"

ओमेश्वरीनं एकदा सासूकडं पाहिलं, एकदा सासऱ्याकडं.

"पाहुणे हायेत, बेटा. पाया पड."

चंदा आळीपाळीनं दोघांच्या पाया पडली आणि पुन्हा खेळायला पळाली.