उचगावची चौकशी

"न्हाय, ऱ्हाऊ द्या. शेजाऱ्याचं आपल्या तोंडानं कशाला काढायचं?" लालबी म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

तात्यासो जागचे उठले नाहीत. कोर्टात तीस वर्षं बेलीफ म्हणून काढलेली. 'ऱ्हाऊ द्या' म्हणणारं माणूस राहू देत नसतं, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. तेवढ्यात बाईनं सूप खाली ठेवलं.

"पावणं, तुमचं गाव कुठलं म्हनलासा?"

"हुपरी."

"हुपरी," ती म्हणाली आणि शेजारच्या सुगराच्या बंद दाराकडं बघून आवाज खाली आणला. "मग ऐका. तिच्या इकबालला फेफरं येतंय. गेल्या पावसाळ्यात येल्डिंग करताना पडला, तोंडाला ह्यो फेस. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, तवा डोळं उघडलं. आईनं दाबून ठिवलंय. माझं नाव घिऊ नका, पर तुमीबी लेकरंबाळंवालं दिसतासा, म्हणून सांगते."

असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. डोळ्यांत पाणी खरंच आलं होतं. तात्यासोंनी मान हलवली, सायकलवर टांग टाकली आणि कोल्हापूरला घराचा रस्ता धरला. दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं, जैनाच्या घरातली शिस्त. उद्यमनगरात जाऊन पोराच्या कारखान्यात विचारावं असं एकदा मनात आलं, पण सावल्या लांब झालेल्या बघून त्यांनी ते मनातच ठेवलं.

आता हे चौकशीचं खूळ काय होतं, ते सांगायला हवं. सत्याहत्तर साल. जो तो आखाताकडं निघालेला. तिकडच्या कंपनीला वेल्डर हवा, फिटर हवा, पण येणारा माणूस चोर की साव, धडधाकट की आजारी, हे घेण्याआधी कळायला हवं. कुवेतचा साहेब मुंबईच्या भरती कंपनीला विचारायचा, मुंबईची कंपनी निवृत्त बेलीफ तात्यासो मगदूम यांना टपाल टाकायची, आणि तात्यासो सायकलला हवा भरायचे. रात्री मराठीत अहवाल लिहायचे, सकाळी एका टंकलेखकाकडून इंग्रजीत करून घ्यायचे आणि पाठवायचे. अशा साठसत्तर पोरांचं बरंवाईट त्यांच्या हातून समुद्रापार गेलं होतं.

कामाचे त्यांचे नियम होते, आणि नियमांचा त्यांना कोण अभिमान. पहिला, चौकशी कशासाठी ते सांगायचं नाही. सांगितलं की गावातला प्रत्येकजण संत होतो. दुसरा, ज्याची चौकशी त्याला भेटायचं नाही. तोंड बघितलं की मन पाघळतं. आणि तिसरा, चांगलं बोलणारे दोघं लागतात, वाईट बोलणारा एकच पुरतो. का? तर परक्या माणसापुढं शेजाऱ्याची निंदा कुणी उगीच करत नाही. बायको अक्काताईला ते म्हणायचे, "माझ्या हातनं खोटं एक अक्षर गेलेलं न्हाय." आणि ते खरं होतं, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणं.

त्या रात्री त्यांनी लिहिलं: इकबाल मुल्लाणी, वय चोवीस, वेल्डर, वर्तन उत्तम, निर्व्यसनी, परंतु अपस्माराचा विकार. आगीच्या कामास अयोग्य. खाली सही ठोकली आणि शांत झोपले.

पुढच्या वैशाखात हुपरीला भाच्याकडं निघालेले तात्यासो कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसले होते. शेजारी एक बाई येऊन टेकली आणि निरखून बघायला लागली.

"पावणं, वळखलं का? उचगावची लालबी."

तात्यासोंनी ओळखलं, पण तसं दाखवलं नाही.

"एक सांगायचं हुतं. लई दिस जीवाला लागून ऱ्हायलंय. तुमच्या हुपरीच्या माणसांनी मला पोटभर श्या दिल्या असतील."

"कुठली माणसं?"

"आता कुठली म्हणं! इकबालची सोयरीक काढून तुमीच आलतासा न्हवं? सुगराच सांगत हुती, हुपरीचं चांदीकाम करणारं पावणं माणूस धाडून चौकशी करणार हाईत म्हणून. तुमी हुपरीचं नाव काढलं आन् मला वाटलं, त्येच माणूस तुमी. माझी सलमा ल्हानपणापास्नं त्याच्या नावानं वाढलेली. हातचं जातंय म्हनल्यावर आईचं डोकं ठिकाणावर ऱ्हातंय काय? बोलून गेले. त्याला फेफरं न्हाय आन् काय न्हाय. वाघागत पोरगा हाय."

 सोयरीक मोडण्यासाठी माणसं काय काय बोलतात, हे तात्यासोंना काय माहीत नव्हतं? त्यांच्या सख्ख्या बहिणीचं स्थळ असंच कुणी तरी 'पोरीच्या अंगावर कोड हाय' म्हणून मोडलं होतं. अख्ख्या मुलखाला ठाऊक असलेली गोष्ट, आणि नियम करताना तेवढीच डोक्यात आली नव्हती. शहाणपणाला आग लागो.

"मग लगीन?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"झालं की. सलमाला आता चौथा म्हैना हाय." बाईचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "तेवढं एक वंगाळ झालं बघा. कुवेतला जायचं त्याचं सगळं जमत आलतं. अचानक न्हाय म्हणून कागद आला. कशापाय, तेबी सांगत न्हाईत. ह्यानं आपलं भोळेपणानं कारखान्यात आधीच सांगून ठिवलेलं, त्यांनी जागी दुसरा घेतला. आता रस्त्याकडंला बसून लोकांची लोखंडी फाटकं जोडतोय. दुसऱ्या एजंटाकडं गेला, तर त्यो नाव बघून कागद परत सारतोय. कुणाची नजर लागली, अल्लालाच ठावं."

हुपरीची गाडी लागली, भरली आणि गेली. लालबीही तिच्या गाडीनं गेली. तात्यासो बाकड्यावरच बसून राहिले.

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागेना. त्यांनी मुंबईला लिहिलं: उचगावचा माझा अहवाल चुकीचा आहे, उमेदवार निरोगी आहे. उलट टपाली उत्तर आलं. ती जागा केव्हाच भरली. नाव मात्र नाकारलेल्यांच्या यादीत आहे आणि ती यादी इतर एजंटांकडंही जाते. नाव काढायचं असेल तर खोटी माहिती कुणी दिली त्याचं नाव, पत्ता आणि जबाब पाठवा. आणि चूक तपासनिसाची असेल, तर तसं त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं. अशा तपासनिसाकडं पुढं काम देता येणार नाही.

तात्यासोंनी पत्र अक्काताईला वाचून दाखवलं.

"त्या बाईचं नाव लिवलं, तर पोरीचा संसार मोडंल," ते म्हणाले. "नवऱ्याला कळणारच की, सासूनंच माझ्या पोटावर पाय दिला म्हणून."

"आन् न्हाय लिवलं तर?"

"तर तीस वर्षांचं माझं नाव जातंय. आन् तेबी चूक माझीच असं खोटं लिवून."

अक्काताईनं हातातली वात वळून खाली ठेवली. मग म्हणाली, "बाईनं सांगितलं, पर लिवलं कुणी? तुमी. देवळात जाऊन कान धरण्यात काय अर्थ न्हाय. ज्याचं नुकसान केलंसा, त्याच्या दारात जावा."

शुक्रवारी दुपारी तात्यासो उचगावला गेले. इकबाल नमाजाहून नुकताच आलेला. सलमा आत चहा टाकत होती. पाहुणा कोण आला ते बघायला शेजारून लालबी आली, आणि हुपरीचं पावणं बघून हसत दारातच बसली.

तात्यासोंनी पाणीही घेतलं नाही. "बाळ, मी सोयरिकीचा माणूस न्हवं. कुवेतच्या कामाची चौकशी माझ्याकडं आलती. तुला फेफरं येतंय असं मी लिवून दिलं. तुझी नोकरी माझ्यामुळं गेली."

लालबीचं हसू जागच्या जागी गेलं. तिनं दाराची चौकट धरली.

इकबालला क्षणभर काही कळलंच नाही. मग त्याच्या कपाळाची शीर उठली. "फेफरं? मला? कुणी सांगितलं तुमास्नी?"

 तात्यासोंनी दाराकडं बघितलं नाही.

"कुणी न्हाय," ते म्हणाले. "दोघा उमेदवारांचं कागद जवळ हुतं. दुसऱ्याचा आजार तुझ्या नावावर लिवला. वय झालं. माझीच चूक."

त्यांनी खिशातून घडी काढून पुढं केली. "ह्ये मुंबईला धाडलंय. ही तुझी परत. नोकरी न्हाय मिळायची, ती जागा गेली. पर यादीतनं नाव निघंल. दुसरीकडं अर्ज करता ईल."

इकबालनं कागद दोनदा वाचला. हा पोरगा आता आपल्याला शिव्या घालेल, गचांडी धरेल, असं तात्यासोंना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं कागदाची घडी केली आणि साध्या आवाजात विचारलं, "आजोबा, ह्ये लिवायच्या आधी मला एकदा तरी बघितलं हुतं काय?"

"न्हाय."

"कारखान्यात तरी आलतासा?"

"न्हाय."

"मग आता बघा की."

आणि तो समोर जमिनीवर मांडी घालून बसला. तात्यासोंनी बघितलं. रुंद खांदे, ठिणग्यांनी पोळलेले हात, उन्हात काम करून रापलेला चेहरा. डोळे लाल होते, पण नजर स्थिर होती. एवढं बघायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

"बघितलंसा?"

"बघितलं."

"मग सांगा, कसा हाय?"

तात्यासोंनी टोपी काढून हातात घेतली. सलमा चहाच्या कपबशा घेऊन बाहेर आली आणि आई तोंडात पदराचा बोळा कोंबून का रडतेय, ते तिला समजेना.

"अम्मा, काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," लालबीच्या आधी तात्यासोच म्हणाले, आणि त्यांनी तिच्या हातातली कपबशी घेतली.