जानरावची तक्रार

बोरमाळ फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्याचा स्लॅब पडला तेव्हा खाली जानरावची पोरगी राखी एकटीच होती. पोलीस भरतीची तयारी सुरू केल्यापासून तिचा नेमच होता. पहाटे मानोऱ्याच्या रस्त्यानं पळत जायचं, पळत परत यायचं आणि निवाऱ्यातल्या बाकावर बसून दम घ्यायचा. रात्रभर पाऊस झाला होता, पण तेव्हा उघडला होता. ती वाकून बुटाची नाडी सोडत होती आणि वरचा अख्खा कोपराच खाली आला. डोकं वाचलं. डावा गुडघा वाचला नाही.

तिला अकोल्याला नेलं ते माणिकरावनं, स्वतःच्या गाडीत. माणिकराव गावचा सरपंच आणि जानरावचा जुना सोबती. दोघांची वावरं एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. माणिकराव निवडणुकीला उभा राहिला की जानराव घरचं काम टाकून त्याच्यामागं फिरायचा. दवाखान्यात माणिकरावनं रक्त दिलं, डॉक्टरांशी तोच बोलला, पंचफुलाला, म्हणजे राखीच्या आईला, बळंच दोन घास खायला लावले. हे सगळं जानराव विसरला नव्हता. म्हणूनच राखी पायात सळई घालून घरी आल्यावर तो आधी त्याच्याच ओट्यावर जाऊन बसला.

"माणिक, निवारा बांधून तीन वर्सं नाई झाले. असा कसा पडला?"

"पाणी किती पडलं, पाह्यलं ना तू?"

"पाणी त माह्या गोठ्यावरबी पडलं."

माणिकरावनं ओट्यावरून पाय खाली सोडले. मग म्हणाला, "काम करणनं केलं. काम चांगलं झालं म्हणून सही माही हाय. आता तू मले विचारून राह्यला का आरोप करून राह्यला?"

"विचारून राह्यलो."

"मंग घरातली गोष्ट घरात राहू दे. पुढं इलेक्शन हाय. इरोधकाले आयता मुद्दा देतं का?"

करण हा ठेकेदार. आजूबाजूच्या गावांतले रस्ते, नाल्या, शाळेच्या खोल्या, सगळं त्याच्याचकडं. त्याचं घर, त्याची गाडी जानरावनं लांबून पाहिली होती. करणनं सिमेंट किती टाकलं, रेती कुठली वापरली, हे कोणीतरी त्याला समोर बसवून विचारावं, आणि सही करताना तू छताकडं पाहिलं का, हे माणिकला विचारावं, एवढंच जानरावचं म्हणणं होतं. कोणाला तुरुंगात घाला असं त्याच्या मनात आलंही नव्हतं. त्यानं तालुक्याच्या कचेरीत तक्रार दिली. तिथं प्रत्येक खेपेला "चौकशी चालू आहे" हेच ऐकायला मिळालं. गावात मात्र चौकशीची वाट कोणी पाहिली नाही. माणिकरावच्या पॅनलची माणसं हॉटेलात जानराव आला की चहा अर्धा टाकून उठू लागली. धुऱ्यावर समोरासमोर आला तरी माणिकराव बैलांकडं पाहायचा.

राखी काठी घेऊन चालू लागली, मग काठी सुटली, पण पाय दुमडायचा तो दुमडलाच नाही. भरतीची जाहिरात आली तेव्हा तिनं मोबाइलवर ती शेवटपर्यंत वाचली आणि मैत्रिणीला पाठवून दिली.

निवडणूक झाली. माणिकरावचं पॅनल आडवं झालं आणि पवनचं पॅनल निवडून आलं. पवन तरुण, बोलायला गोड, वरच्या पुढाऱ्यांत ऊठबस असलेला. गुलाल अजून रस्त्यावर होता तेव्हाच तो पोरं घेऊन जानरावच्या अंगणात आला. सोबत शाल, नारळ आणि मोबाइल धरून फोटो काढणारे.

"काका, तुमची तक्रार दाबून ठेवली त्याहीनं. मी सोडत नाई. राखीताईले न्याय भेटलाच पाह्यजे."

शाल खांद्यावर पडली आणि जानरावला एकदम रडू आलं. एवढ्या दिवसांत त्याच्या पोरीचं नाव कोणी असं मोठ्यानं घेतलं नव्हतं. पोरांनी ते रडणं गावभर पाठवलं. पंचफुला चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, "हे लोक राखीशी एक शब्द नाई बोलले. तुमी पाह्यलं का?"

त्यानं पाहिलं नव्हतं.

मग मात्र कामं भराभर झाली. जिल्ह्यावरून इंजिनिअर आला. पडलेला स्लॅब अजून फाट्यावरच होता. त्याचे तुकडे पोत्यात भरून नेले. सळई बारीक आणि सिमेंट कमी निघालं. जानराव घरी येऊन बायकोला म्हणाला, "पाह्यलं? खरं होतं ना माहं?" पंधरवड्याच्या आत गुन्हा दाखल झाला आणि माणिकरावला ठाण्यात नेऊन बसवलं. त्याच आठवड्यात जेसीबी आला.

जेसीबी माणिकरावच्या गोठ्यासाठी आला होता. गोठा गावठाणाच्या जागेवर होता हे खोटं नव्हतं. पण त्याच रांगेत आणखी कितीतरी गोठे होते, त्यात पवनच्या मामाचाही. मोजणी एकाच गोठ्याची झाली. गायी रस्त्यावर बांधल्या होत्या आणि माणिकरावची बायको वच्छला गुरांना घालायच्या कुटाराच्या ढिगाजवळ उभी होती. पवनचा एक पोरगा ट्रॅक्टरच्या भोंग्यावरून ओरडत होता, "राखीताईले न्याय भेटला! भ्रष्टाचाऱ्याले धडा भेटला!" आवाज पार जानरावच्या घरात येत होता. राखीनं उठून दार लावलं, खिडकी लावली, तरी येतच होता.

"बाबा, माहं नाव बंद करायले सांगा."

जानराव गेला. भोंग्यावरचा पोरगा म्हणाला, "काका, तुमचंच त काम करून राह्यलो," आणि पुन्हा ओरडू लागला. वच्छलेनं जानरावकडं पाहिलं. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "भाऊजी, म्हशीले जरा धरता का? बुजून राह्यली." त्यानं म्हैस धरली. गोठा पडेपर्यंत तो दोर धरून उभा राहिला.

दोन दिवसांनी कळलं की शाळेत खिचडी शिजवायचं वच्छलेचं कामही गेलं. तिच्या जागी पवनच्या पॅनलमधल्या एका मेंबरची भावजय आली. आता जानरावला राहवेना. तो पवनच्या घरी गेला. बैठकीत बरीच माणसं होती, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत करण ठेकेदार बसला होता. पवनच्या निवडीच्या बॅनरवर त्याचा फोटो जानरावनं पाहिला होता, पण बॅनरवर काय, कोणाचेही फोटो असतात, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

"पवन, निवारा यानं बांधला," जानराव उभ्यानंच म्हणाला. "याचं नाव कुठं हाय?"

करण हसला नाही, रागावलाही नाही. तो मोबाइलमध्ये बघत राहिला.

"काका, बसा त खरं," पवन म्हणाला. "करणभाऊ साक्षीदार हायत. माणिकरावनं दबाव टाकला, हलकं काम करायले लावलं, असा जबाब देल्ला त्याहीनं. त्याहीच्यामुळंच त केस उभी राह्यली."

"सिमेंट यानं खाल्लं अन् साक्ष बी हाच देते?"

"कायद्यात असंच असते, काका."

"अन् वच्छलावहिनीनं काय केलं? तिचं काम काहून काढलं? गोठा काहून पाडला?"

पवननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमीच त मागतलं होतं हे. आता तुमालेच वंगाळ वाटून राह्यलं?"

बैठकीतली माणसं जानरावकडं पाहत होती, म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ झाला की पाहतात तशी. आपण काय मागितलं होतं ते त्याला नीट माहीत होतं. तो खाली उतरून वहाणा शोधू लागला.

तालुक्याला जाऊन त्यानं साहेबाला विचारलं, करणचं नाव घालता येईल का. साहेब म्हणाला, तपास ठाण्याकडं आहे. ठाण्यात म्हणाले, नाव इंजिनिअरच्या अहवालात नाही, आम्ही कुठून घालणार. मग तक्रारच मागे घेतो म्हणाला, तर तेही जमत नव्हतं. फिर्याद आता सरकारची होती. "तुम्ही तक्रार दिली, तुमचं काम संपलं," असं तिथला जमादार समजावणीच्या सुरात म्हणाला.

माणिकराव जामिनावर घरी आला तेव्हा जानराव अंधार पडायच्या आत गेला. लपून गेला असं कोणी म्हणू नये म्हणून. माणिकराव वाळला होता, दाढी वाढली होती.

"न पाहता सही केली म्या," तो आपणहून म्हणाला. "राखीच्या पायाचं पाप माह्या डोक्यावर हाय, ते मी नाकारत नाई. तू चारचौघांत मले जाब विचारला असता त मी उभा राह्यलो असतो. पण तू माह्या घरावर जेसीबी आणला, जानराव."

"म्या नाई आणला."

"तुह्या नावानं आला."

वच्छला पाणी ठेवून गेली. माणिकराव पुढं सरकला. "एक काम कर. पवननं माह्याकडून जबरदस्तीनं तक्रार लिहून घेतली, असं लिहून दे. पुढच्या टायमाले आमी आलो का त्याच्या मामाचा गोठा, त्याचा पेट्रोल पंप, सगळं काढतो. एकेकाले दाखवतो."

"अन् करणले?"

माणिकराव दाराबाहेर पाहू लागला. "त्याचा फोन आल्ता परवा," तो म्हणाला. "तो सगळीकडं असते. त्याले कोण काय करते?"

जानराव उठला. त्यानं काही लिहून दिलं नाही, म्हणून ते घरही त्याला बंद झालं. पवनकडं तर तो जातच नव्हता. ग्रामसभेत एकदा त्यानं उभं राहून करणचं नाव घेतलं, तर पवनची माणसं "बसा, बसा" म्हणाली आणि माणिकरावची माणसं गप्प राहिली. सचिवानं पुढचा विषय वाचला.

नंतर पोहरादेवीच्या जत्रेच्या सुमारास एक मोठा पुढारी येणार म्हणून गावातून गाड्या गेल्या. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा पहिल्या गाडीत पवनच्या शेजारी माणिकराव बसला होता. गळ्यात पवनच्याच पक्षाचा दुपट्टा. दोघांवरही गुलाल. वच्छला महिन्याभरात पुन्हा शाळेत खिचडी शिजवू लागली, आणि त्या मेंबरची भावजय कोणाला काही न बोलता घरी बसली. गोठ्याच्या जागी विटा येऊन पडल्या. यावेळी मोजणी झाली नाही.

जानरावला ठाण्यातून फोन आला. राखीलाही घेऊन या म्हणाले. दोघं एसटीनं गेले. जमादारानं कागद वाचून दाखवला. अतिवृष्टीमुळे स्लॅब कोसळला, कोणाविरुद्ध सबळ पुरावा मिळून आला नाही, असं त्यात होतं.

"इंजिनिअरनं तुकडे नेल्ते ना पोत्यात," राखी म्हणाली. "त्यायचं काय झालं?"

"ते या अहवालात नाही, ताई."

"मंग कुठं हाय?"

जमादार वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्यासाठी पाय लांब करता येईल अशी खुर्ची आणवली होती. तो म्हणाला, "मला वरून आलं ते मी वाचलं." मग त्यानं पेन जानरावपुढं ठेवलं. "इथं सही करा. वाचून दाखवलं म्हणून."

जानरावनं पेन उचललं नाही. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला. नाही केली सही, तर हा कागद अडेल, कोणालातरी पुन्हा फाट्यावर यावं लागेल, कोणीतरी विचारेल, असं त्याला वाटत होतं.

"मी नाई करत," तो म्हणाला.

जमादारानं थोडी वाट पाहिली, मग पेन परत घेतलं. "नसेल करायची तर राहू द्या, काका. तुमच्या सहीवाचून अडत नाही." त्यानं एका कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, कागद फायलीत घातला आणि बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला हाक मारली.

बाहेर ऊन होतं. राखी पायऱ्या उतरताना आधी उजवा पाय टाकायची, मग डावा ओढून घ्यायची. जानरावनं हात पुढं केला. एरवी ती नको म्हणायची. आज तिनं धरला.

"बाबा, आता कुठं जायचं?"

त्याला वाटलं ती कचेऱ्यांबद्दल विचारते आहे, वाशीमला जायचं का, की आणखी कुठं वर. ती स्टँडकडं पाहत होती. तिला भूक लागली होती.