मागून येणारी पावलं

आठ खुर्च्या, सात माणसं, कॉफीचा एक थर्मास, वाफल्सचं ताट आणि जमिनीवर पसरलेली पाच मीटरची टेप. माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी सहा बैठका होत्या, त्यांतली ही शेवटची. दुपारचे तीनच वाजले होते, पण नॉर्वेतल्या डिसेंबरात खिडकीबाहेरचा फ्योर्ड, डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, केव्हाच काळा झाला होता.

टोर्गेइर नेहमीसारखा दाराकडे तोंड करून बसला होता.

"दार कुठे पळून चाललंय का रे?" रोआल म्हणाला. दोघं अफगाणिस्तानात एकाच तुकडीत होते.

"दार नाही, तू पळशील. वाफल्स घेऊन."

सगळे हसले. टोर्गेइरची बायको मारित तेवढी हसली नाही.

परिचारिका बेर्गल्योतनं पहिल्याच बैठकीत ठरवून दिलं होतं : सैनिकानं पाठ करून बसायचं, घरच्या माणसानं मागून चालत यायचं. सहन होईना की हात वर करायचा, मग अंतर मोजायचं. त्या दिवशी टोर्गेइरनं मारितला चार मीटर दहावर थांबवलं होतं. गेल्या वेळी साठ सेंटीमीटरवर.

आज त्यांची नऊ वर्षांची मुलगी तूवा येणार होती. ऑगस्टमध्ये तो लाकडं फोडत असताना तिनं मागून येऊन त्याचे डोळे झाकले होते. त्यानं तिला उचलून आपटलं. तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून ती आजीकडे होती. आज जमलं तर नाताळला घरी येणार होती.

"बाबा, आज कुऱ्हाड नाहीये ना?" तूवानं आत येताच विचारलं.

"नाही गं." त्यानं दोन्ही तळहात उघडून दाखवले.

ती लोकरी मोज्यांवर उभी होती. टोर्गेइरनं तिच्या पायांकडे पाहिलं. "बूट घालून ये. वाजू देत."

"घाल गं. जमीन मी पुसेन," बेर्गल्योत म्हणाली.

तो पाठ करून बसला. बूट वाजू लागले. त्याच्या मानेवरची शीर फुगली. रोआल हळूच खुर्चीच्या कडेला सरकला. टोर्गेइरनं गुडघे घट्ट धरून ठेवले.

बूट थांबले.

"ये ना," तो म्हणाला. "मी हात वर केलेला नाही."

तूवा पुढे सरकली नाही. तिचा हात स्वतःच्या, ऑगस्टमध्ये मोडलेल्या खांद्यावर होता.

बेर्गल्योत टेपवर वाकली.

"दोन मीटर तीस."