सासूबाईंनी आ केला

दातांच्या दवाखान्यात ती इतकी वर्षं मदतनीस होती, की डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत हवं ते हत्यार तिच्या हातात तयार असे. मग नवा नियम आला: परवाना नसेल, त्याने पेशंटच्या दातांना हातही लावायचा नाही. ती हटून बसली. घर, नोकरी सांभाळत तिने दातसफाईचा रीतसर कोर्स पुरा केला, लेखी परीक्षाही दिली. उरली प्रात्यक्षिक. त्या परीक्षेला पेशंट मात्र ज्याचा त्याने आणायचा होता, तोही दातांवर भरपूर किटण असलेला.

तिने चपलांच्या दुकानदाराला पटवलं होतं. त्याच्या दातांवरचं किटण बघून ती हरखलीच होती! आणि ऐन परीक्षेच्या सकाळी, कॉलेजच्या दारात त्याचा फोन आला. "ताई, रागावू नका. अंगात सणसणून ताप आहे."

तिने फोन ठेवला. शेजारी सासूबाई होत्या, सुनेला धीर द्यायला म्हणून आलेल्या. स्वतः मात्र दाढ ठणकली तर दोन-दोन दिवस गाल धरून बसत, पण दवाखान्याची पायरी चढत नसत.

"आता गं?"

"आता काय, पुढच्या वर्षी." ती माघारी वळली.

सासूबाईंनी आपली पर्स तिच्या हातात कोंबली. "माझे दात चालतील?"

"आई, तुम्ही?"

"का? माझ्या दातांना काय धाड भरलीय? लवकर बोल, नाहीतर विचार बदलेल माझा!"

दोघी जवळजवळ पळतच आत गेल्या. परीक्षक बाईंनी दिवा खाली ओढून सासूबाईंच्या तोंडात डोकावून पाहिलं. "किटण भरपूर आहे. चालेल."

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या. बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा!

"ब्लडप्रेशर बघते हं, आई."

"बघ. छताला टेकलं असेल."

तसं काही नव्हतं. तिने मास्क चढवला, हातमोजे घातले आणि कामाला लागली. दातामागून दात स्वच्छ होत गेला. सासूबाईंच्या मुठी खुर्चीच्या हातांवर आवळलेल्या होत्या, त्याही हळूहळू सैल पडल्या.

शेवटच्या दाढेपाशी ती थबकली. हिरडी दाढेपासून पार सुटली होती, दाढ हलत होती. तिने हात मागे घेतला.

"थांबलीस का? टाक ना काढून," सासूबाई पुटपुटल्या. "तुला येतं सगळं."

"बघून बघून कळतं, आई. पण ते डॉक्टरांचं काम. दातसफाईच्या परवान्यात ते बसत नाही." मग तिने परीक्षक बाईंकडे वळून स्पष्ट सांगितलं, "मॅडम, ही दाढ मी डॉक्टरांकडे पाठवतेय."

बाईंनी स्वतः दाढ तपासली, काहीतरी लिहिलं आणि मान वर केली. "पुष्कळ जण इथेच चुकतात. उगाच कोरत बसतात. पास आहात तुम्ही."

मग मास्कच्या आतच तिने अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या खुर्चीतला पेशंट दचकून उठून बसला. सासूबाईंनी तोंडातलं पाणी कसंबसं थुंकलं आणि त्या सुनेच्या गळ्यात पडल्या.

बाहेर आल्यावर त्या दातांवरून जीभ फिरवत राहिल्या. "अगं, काय गुळगुळीत लागतंय! माझेच आहेत ना हे?" कॉलेजच्या वॉचमनसमोर उभं राहून त्यांनी बत्तिशी दाखवली. "बघा, माझ्या सुनेने केलंय. परवाना आहे तिला!"

"अजून हातात यायचाय, आई," ती हसून हसून बेजार झाली होती.

"येईल गं! आधी त्या दाढेच्या डॉक्टरला फोन लाव. आजच जाऊ. उद्या माझा काही भरवसा नाही."