दोन चुली, दोन लॅपटॉप

भाताच्या टोपावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठं चौघांना भाताची आठवण झाली. सुचितानं उठून गॅस बारीक केला. फोन पाटावर तसाच उताणा पडला होता. काळूरामभाऊंचा, म्हणजे गावाच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरींचा, फोन नुकताच येऊन गेला होता.

कॉलेजला जाणाऱ्यांना यंदा मंडळ लॅपटॉपचे निम्मे पैसे देणार होतं. सुचितानं दोन अर्ज भरले होते. एक धाकट्या दिराचा, प्रज्योतचा. तो पनवेलला होस्टेलवर राहणार होता. दुसरा तिचा स्वतःचा. बारावी सायन्स होताच लग्न, वर्षभरात शिवानी, आणि आता सहा वर्षांनी माणगावच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला प्रवेश. एकच्या एसटीनं परत येऊन शिवूला अंगणवाडीतून घ्यायचं होतं, तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये थांबणं जमणार नव्हतं. मशीन घरात असलं तरच ती शिकणार होती. हर्षद, तिचा नवरा, मुंबईहून म्हणाला होता, "फी मी बघतो. निम्म्या लॅपटॉपचंही बघतो. पूर्ण मात्र नाही झेपायचा."

आणि काळूरामभाऊ म्हणाले होते, "वहिनी, एका चुलीमागं एकच नाव. गावकीचा नियम हाय, मी काय करू? तुमची चूल वेगळी असती तर दोन्ही धरली असती."

दोन वर्षांपूर्वी वेगळं राहायचा विषय हर्षदनंच काढला होता. नको म्हणणारी सुचिताच होती. तिची आई ती लहान असतानाच गेली. वाढून पुढ्यात आलेलं ताट तिला मिळालं ते या घरात, सखुबाईंच्या हातून. सासूला ती आत्या म्हणायची, पण दुखलं-खुपलं की नुसतंच 'आई गं' तोंडात यायचं आणि सखुबाई ओ द्यायच्या.

"माझं नाव काढा," प्रज्योत म्हणाला. "मी कुणातरी मित्राचा वापरीन."

"मित्राचा? नेलेला चार्जर तरी परत देतोस का कुणाचा?" सुचिता म्हणाली. हसली फक्त शिवू, तीही काही न कळता.

सखुबाईंनी निवडायचं ताट बाजूला सारलं. "त्यांना चूल वेगळी पायजे ना? मग करू वेगळी. रविवारी देवळात बैठक हाय, मी सांगते उठून."

"हां, भारी! कागदापुरतं," प्रज्योत म्हणाला.

"कागदापुरतंच हो आत्या," सुचितानंही घाईनं म्हटलं. सखुबाई तोवर नारळ बघायला उठल्या होत्या.

रविवारी त्यांनी देवापुढं नारळ ठेवला, दोन सुपाऱ्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "पोरगा पनवेलला गेला की माझी नि सुनेची चूल वेगळी. राजीखुशीनं."

भागोजीबाबा गावकीतले सगळ्यांत म्हातारे. त्यांनी विचारलं, "सखू, इचार केलास ना? देवाम्होरं बोलतेस."

"केलाय."

सुचिता बायकांच्या रांगेत मागं बसली होती. तिला हसू आवरत नव्हतं. मनानं ती केव्हाच माणगावला पोचली होती.

शिवू दुपारची झोपली की महिनाभर ती फोनवर लॅपटॉपच बघत बसे. शिवूच्या चित्रकलेच्या वहीत, हत्तीच्या मागच्या पानावर, सगळं लिहून ठेवलेलं. आठ जीबी रॅम. साधी हार्ड डिस्क नको, एसएसडी. सर्व्हिस सेंटर पनवेलच्या अलीकडं.

मंडळाचे पैसे आले, तशी ती माणगावच्या दुकानात गेली. दुकानदारानं एक चकचकीत चंदेरी मशीन पुढं सरकवलं. "ताई, हा घ्या. बॅग फ्री, माऊस फ्री."

"रॅम किती?"

"चार. पण बॅग बघा ना!"

"बॅगेत प्रोग्रॅम चालतात का?"

दुकानदार ताईवरून मॅडमवर आला. ही रॅम नंतर वाढवता येते का, बॅटरी बदलून मिळते का, गेल्या वर्षीचं मॉडेल असेल तर किती कमी... एका तासात तिनं त्याला घाम फोडला. शेवटी गेल्या वर्षीचीच दोन काळी मशीनं ठरली, दोन्ही सारखी.

"लाल न्हाय का?" बरोबर आलेल्या सखुबाईंनी हळूच विचारलं. मग बोट पदराला पुसून त्यांनी एक बटण दाबून पाहिलं. येताना एसटीत बॅग त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टरनं न विचारताच त्याला सांगितलं, "माझ्या सुनेचा हाय. कॉलेजला चाललीय."

प्रज्योत पनवेलला गेला त्या संध्याकाळी सुचितानं तीन पानं घेतली. सखुबाई दिसेनात. मागच्या पडवीत पाणी तापवायची चूल होती, तिथं त्या फुंकणी घेऊन बसल्या होत्या. चुलीवर एवढंसं पातेलं.

"आत्या, पानं वाढलीत."

"तुम्ही जेवा. माझा भात होतोय."

"असं काय करता? ते कागदापुरतं होतं ना?"

"तुम्ही म्हणालात कागदापुरतं. मी देवाम्होरं बोललेय गो."

रागानं बोलल्या असत्या तर सुचिता भांडली असती. त्या अगदी रोजच्यासारख्या बोलल्या.

"किती दिवस?"

"तुझी तीन वर्सं सरंस्तोवर. त्याआधी एक झालो तर एक मशीन परत द्याय लागंल. ठेवून घेतलं तर चोरीच ना ती?"

"मग माझं देते परत. आत्ता फोन लावते काळूरामभाऊंना."

"गप बस. मला काय, मूठभर तांदूळ. गॅस तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, सकाळी तुला घाई असते."

तिनं फोन लावला नाही. हातात घेतला होता, नंबरही काढला होता. मग आत शिवूनं पाणी मागितलं आणि ती आत गेली. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली, की शिवूनं पाणी मागितलं म्हणून.

अभ्यास मात्र होऊ लागला. शिवू झोपली की ती मशीन उघडायची. बाई शिकवायच्या ते समजायचं, प्रोग्रॅम चालायचे. भिंतीपलीकडं एका माणसाची भांडी वाजायची: एक ताट, एक वाटी, एक तांब्या. तो आवाज आला की तिची बोटं थांबायची.

एका रविवारी तिनं बोंबलाचं कालवण केलं. सखुबाईंना आवडतं म्हणून पहिली वाटी त्यांनाच नेऊन दिली. नको म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी घेतली, "मस्त झालंय गो," असंही म्हणाल्या. सुचिताला इतकं हलकं वाटलं की त्या दुपारी तिनं दोन धडे संपवले.

संध्याकाळी शिवू ती वाटी परत घेऊन आली, दोन्ही हातांनी सांभाळत. वाटी लख्ख घासलेली होती आणि तळाशी चमचाभर साखर होती. दुसऱ्याच्या घरची वाटी रिकामी पाठवू नये, म्हणून घातलेली.

सुचिता ती वाटी घेऊन उभी राहिली. तिला ना ती ओट्यावर ठेवता येईना, ना साखर डब्यात ओतता येईना. शिवूनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग पडवीच्या दाराकडं पाहिलं, आणि आवाज बारीक करून विचारलं, "आई, आपण आजीला काय केलं?"